बाबा गोळ्या विसरत नाहीत, डॉक्टर

औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या सर्व डॉक्टरांस,
आणि ती वाचून गोळ्या काढून देणाऱ्या फार्मासिस्ट मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील गेली कित्येक वर्षं तुमच्याशी खोटं बोलत आले आहेत. तुम्ही कागदावरून नजर न उचलता विचारता, "काका, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" ते म्हणतात, "हो तर." शेजारच्या खुर्चीत बसून मीही मान डोलावते. तुम्ही लिहिता, 'औषधे चालू ठेवणे', आणि आम्ही उठतो. एवढ्याशा संवादात आम्हा तिघांपैकी एकालाही खरं काय ते कळलेलं नसतं. म्हणजे बाबांना कळलेलं असतं, पण त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. रक्तदाब, साखर, थोडं थकलेलं हृदय, गुडघे, प्रोस्टेट. मागच्या वर्षापर्यंत चिठ्ठीवर ११ औषधं होती. आठवड्याचा डबा मी भरते, सात दिवसांचे सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. रविवारी डबा रिकामा झालेला दिसला की मला समाधान वाटायचं. मग एकदा त्यांच्या कपाटात जुनी पासबुकं शोधताना चष्म्याचं एक जुनं घर हाताला लागलं. उघडलं तर आत चष्मा नव्हता, गोळ्या होत्या. पांढऱ्या, चपट्या, मधे रेघ असलेल्या. मी पलंगावर बसून मोजल्या. ६३ भरल्या.

त्या सगळ्या एकाच औषधाच्या होत्या, आणि त्या दिवशी मला हेच लक्षात यायला हवं होतं. विसरणारा माणूस कधी बीपीची गोळी विसरतो, कधी साखरेची, कधी दोन्ही. तो एकच गोळी निवडून ६३ वेळा विसरत नाही, आणि विसरलेल्या गोळ्या चष्म्याच्या घरात नीट जपूनही ठेवत नाही. पण मी तेव्हा इतका विचार केला नाही. मी आवाज चढवला. "तुमच्यासाठी एवढं सगळं करायचं आणि तुम्ही असे!" वगैरे. बाबा काही बोलले नाहीत. पुढे चष्म्याचं घर रिकामं दिसायला लागलं आणि मला वाटलं, सुधारले. सुधारले नव्हते. लपवण्याची जागा बदलली होती.

ती लघवी जास्त होण्याची गोळी होती. तुम्हाला तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तासाभरात असर सुरू होतो आणि सहा-आठ तास टिकतो. तुम्ही लिहिता, 'सकाळी एक'. बाबांच्या दृष्टीने त्याचा अर्थ, सकाळ गेली. बाहेरची सगळी कामं सकाळीच असतात, आणि जिथे जायचं तिथे संडास असेल, असला तरी उघडा असेल, आणि गुडघ्यांनी तिथवर वेळेत पोचवलं, अशा तीन अटी एकदम जुळाव्या लागतात. एकदा बसमध्ये त्या जुळल्या नाहीत. बाबा भिजलेल्या विजारीवर पिशवी धरून उभ्याने घरी आले, कपडे स्वतः धुतले आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर बाहेर जायच्या दिवशी ती गोळी बंद. त्यांचं बाहेर जाणं आठवड्यातून चार दिवस असतं.

हे मला खूप उशिरा कळलं. त्याआधी जे घडलं ते सांगते, कारण ते तुमच्या कामाचं आहे.

पायाची सूज उतरेना. उतरणार कशी, गोळी पोटात जातच नव्हती. पण तुमच्यासमोरच्या कागदावर ती रोज जात होती. तेव्हा कागदाप्रमाणे एकच अर्थ निघत होता, की डोस पुरत नाही. तो दुप्पट झाला. बीपीचीही एक गोळी वाढली. बाबांनी दुप्पट डोसही त्याच हिशेबाने घेतला, म्हणजे चार दिवस नाही, तीन दिवस हो. मग छातीत कफ होऊन त्यांना भरती करावं लागलं. मी मोठ्या अभिमानाने औषधांची यादी सिस्टरांच्या हातात दिली. त्यांनी यादीप्रमाणे, वेळेवर, एकही न चुकवता सगळ्या गोळ्या दिल्या. बाबांच्या शरीराने इतकी औषधं अशी ओळीने कधी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या रात्री रक्तदाब धाडकन उतरला आणि बाथरूमच्या दारात ते पडले. मनगट मोडलं. सिस्टरांची चूक नव्हती. ज्यांनी डोस वाढवला त्यांची तरी चूक म्हणावी का? यादी खोटी होती, आणि ती खोटी आहे हे जाणणारा एकमेव माणूस बिछान्यावर पडला होता.

'पेशंट औषधं घेत नाही' या वाक्याला तुमच्याकडे आणि आमच्या घरांतही एकच सूर असतो, तक्रारीचा. हट्टी आहेत, विसरतात, ऐकत नाहीत. पण हा काही चार हट्टी म्हाताऱ्यांचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकाळच्या उपचारांवर अहवाल काढला, त्यात म्हटलं होतं की विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार ठरल्याप्रमाणे घेतात. निम्मे! शाळेत निम्मा वर्ग नापास झाला तर आपण आधी पेपर तपासतो.

विस्मरण असतं, नाही कशाला म्हणू. ज्यांची स्मृतीच पुसत चालली आहे त्यांच्यासाठी डबा, घंटी, जवळ बसून गोळी देणारं माणूस, हे सगळं लागतं. पण १९८६ साली मोरिस्की आणि सहकाऱ्यांनी औषधं घेण्याची सवय जोखायला चार साधे प्रश्न बनवले, त्यातले दोनच विसरण्याबद्दल आणि हयगयीबद्दल होते. उरलेले दोन असे : बरं वाटलं की बंद करता का, आणि औषधाने बिघडल्यासारखं वाटलं की बंद करता का. म्हणजे न घेण्यामागे माणसाचा निर्णय असू शकतो हे तुमच्या शास्त्राला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. आमच्या वाट्याला मात्र अजून 'वेळेवर घेता ना?' एवढंच येतं, आणि तेही असं, की उत्तर 'हो' सोडून दुसरं देता येऊ नये.

मनगट मोडल्यावर मी ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत सुटले. रागवायचं नाही, नुसतं विचारायचं, असं ठरवून. लोक बोलतात हो. थोडा वेळ द्यावा लागतो.

पैशाचं सगळ्यात शेवटी बोलतात, आणि तेही दुसऱ्याचं म्हणून. "आमच्या ओळखीत एक आहेत, त्या एक दिवसाआड घेतात." त्या एक म्हणजे समोर बसलेल्या बाई, हे आपण ओळखायचं असतं. गोळी अर्धी करून ती दोन दिवस पुरवणं, महिन्याची न घेता दहा दिवसांची घेणं, नवीन लिहिलेली महागडी 'पुढच्या वेळी नेते' म्हणून काउंटरवरच सोडणं. एका जोडप्याकडे मी पाहिलं, दोघांची औषधं आहेत, पण पैसे कमी पडले की आधी बाईंची थांबतात आणि ते बाईच ठरवतात. ही माणसं तुम्हाला कधीच सांगणार नाहीत की परवडत नाही. तुम्ही चांगले कपडे घातलेले, ती चांगले कपडे घालून आलेली. फार्मासिस्ट मंडळींनो, हे तुम्हाला मात्र दिसतं. कोण कुठली गोळी दोन महिने नेत नाही हे तुमच्या संगणकावर आहे. ते पुढे कुणाला सांगण्याची सोय कुठे नसेल तर ती करायला हवी, आणि माझ्या मते ती मागणी तुमच्याकडूनच यायला हवी.

पण फुकट दिलं म्हणजे सगळं सुटलं, असंही नाही. अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या रुग्णांना औषधं पूर्ण मोफत देऊन पाहिली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. औषधं घेण्याचं प्रमाण वाढलं, पण चार ते सहा टक्क्यांनीच, आणि मोफत मिळूनही बरेच जण ती नियमित घेत नव्हते. एकदा मरणाच्या दारातून परत आलेली माणसं, औषध फुकट, तरीही. तेव्हा खिशापलीकडे काहीतरी आहे.

ते काय आहे हे मला एका निवृत्त मास्तरांनी नेमकं सांगितलं. म्हणाले, "बीपी मला कधी दिसलं नाही. गोळीने येणारी चक्कर मला रोज दिसते." रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हाडं विरळ होणं, हे आजार बहुतेक काळ जाणवतच नाहीत. गोळी घेऊन जे मिळतं ते 'न घडणं' असतं, झटका न येणं, हाड न मोडणं, आणि न घडलेली गोष्ट माणसाला भेटत नाही. भेटतो तो कोरडा खोकला, पायातले गोळे, बद्धकोष्ठ, सकाळची गुंगी. तुम्ही हिशेब दहा वर्षांचा मांडता. ८१ वर्षांचा माणूस तो आज दुपारचा मांडतो, आणि त्याला वेड्यात काढण्याचा अधिकार मला तरी नाही.

शिवाय उतारवयात तीच गोळी जास्त लागते, म्हणजे अंगावर येते या अर्थाने. मूत्रपिंडांचा वेग मंदावलेला असतो, औषध शरीरात रेंगाळतं. चाळीशीत जी झोपेची गोळी रात्रीपुरती असते, ती ऐंशीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाय लटपटत ठेवते. अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी काढली, ती आजही सुधारून वापरली जाते. म्हातारा माणूस जेव्हा म्हणतो, "ही गोळी मला सोसत नाही", तेव्हा बरेचदा त्याचं शरीर त्या यादीतलंच वाक्य बोलत असतं.

आणि संख्या. २००५ साली सिंथिया बॉईड आणि सहकाऱ्यांनी एक काल्पनिक रुग्ण घेतली : ७९ वर्षांची बाई, पाच सर्वसाधारण आजार. प्रत्येक आजाराच्या मार्गदर्शक सूचना तंतोतंत पाळल्या तर तिला काय करावं लागेल? १२ औषधं, दिवसातून पाच वेगवेगळ्या वेळा, एकूण १९ डोस. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, आणि सगळे मिळून त्या बाईचा दिवस खाऊन टाकणार. ही उपाशीपोटी, ती जेवणानंतर, ती हाडांची आठवड्यातून एकदा पण मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी धडधाकट आहे, मला रोज १९ वेळा करायला लावली तर मी कुठलीच गोष्ट करणार नाही.

हात, डोळे, घसा यांबद्दल वेगळं काय सांगू. एकदा तुमच्या आईला संधिवाताच्या बोटांनी स्ट्रिपमधून गोळी काढताना पाहा. अंगठा दाबते, फॉइल वाकतं, गोळी तिथेच. शेवटी कात्री. बाटलीचं झाकण लहान मुलांना उघडू नये म्हणून केलेलं असतं, ते आजीलाही उघडत नाही. गिळवत नाही म्हणून गोळी कुटून घेतात, आणि हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी एकदम सगळी उतरते. नावं न वाचता माणसं रंग-आकारावरून गोळ्या ओळखतात, 'ती गुलाबी', 'ती लांबट'. कंपनी बदलली की तेच औषध दुसऱ्या रूपात येतं. हृदयविकाराच्या रुग्णांवरचा २०१४ मधला एक अभ्यास सांगतो की गोळीचा रंग बदलल्यावर ती बंद पडण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढली आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी. गोळी देताना काउंटरवर एवढंच म्हणा, "तीच आहे, फक्त आता पांढरी येते." पाच सेकंदांचं काम आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होते. काही जण गोळ्या घेत नाहीत कारण त्यांना कंटाळा आला आहे, गोळ्यांचा नव्हे. जोडीदार गेलेला असतो, दिवसभरात कुणी हाक मारत नाही. मन खचलेलं असेल तर औषधं सुटतात हे तुम्हाला माहीत आहे. घरच्यांना ते 'दुर्लक्ष' वाटतं. तिथे आठवड्याचा डबा काही कामाचा नाही.

आता बाबांचं पुढे काय झालं ते. हाताचं प्लास्टर निघाल्यावर आम्ही एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगून ठेवलं होतं, यादी नको, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, अर्धवट स्ट्रिपसकट. टेबलावर पिशवी उलटी केली. मग त्यांनी बाबांना विचारलं, "काका, यातली कुठली गोळी तुम्हाला सगळ्यात नकोशी वाटते?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बोट ठेवलं, आणि बसमधली हकीकत सांगितली. माझ्यासमोर, पहिल्यांदा. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पायाची सूज नक्की कधी सुरू झाली ते विचारलं आणि जुन्या चिठ्ठ्यांच्या तारखांशी ताडून पाहिलं. सूज आली होती ती बीपीची एक गोळी सुरू झाल्यावर. त्या गोळीने घोटे सुजतात, आणि लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. एका गोळीचा त्रास नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, असा हा प्रकार. पॉला रोशन आणि जेरी गर्विट्झ यांनी १९९० च्या दशकात त्याचं वर्णन करून ठेवलं आहे, हे मी नंतर वाचलं. थोडक्यात, बाबांना जी गोळी नको होती तिचा निम्मा डोस त्यांना खरोखरच नको होता. बीपीची ती गोळी बदलली. लघवीची गोळी हृदयासाठी ठेवली, पण अर्धी, आणि वर सांगितलं, "बाहेर जायचं असेल तर आल्यावर घ्या. फक्त संध्याकाळनंतर नको, रात्री उठावं लागेल." दुसऱ्या एका गोळीवर मात्र त्यांनी लाल पेनने गोल केला. ही एकदम थांबवायची नाही, काही झालं तरी, थांबवावीशी वाटली तर आधी फोन. ११ ची ८ झाली. या सगळ्याला वीस मिनिटं लागली.

तुमच्याकडे प्रत्येकासाठी वीस मिनिटं नसतात, बाहेर रांग असते, मी त्याच रांगेत बसलेली असते. म्हणून दर वेळी मागत नाही. वर्षातून एकदा पिशवी उलटी करा. एरवी एक प्रश्न बदला, आणि विचारताना मान वर करा. कुठली गोळी टाळली तर चालेल, कुठली घरच्या वेळेप्रमाणे हलवता येईल आणि कुठली कधीही अचानक सोडायची नाही, हे चिठ्ठीवर लिहा, कारण आज हा निवाडा आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या करतो आहोत, काहीही माहीत नसताना. नवीन औषध लिहिताना जुनं एखादं खोडता येतं का तेही पाहा. जिथे तीन गोळ्यांचं काम एकीत होतं तिथे ते करा. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या वृद्धांना तीन औषधं एकाच गोळीतून देऊन युरोपात पाहिलं गेलं आहे. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, औषधं जास्त नियमित घेतली गेली आणि पुढचे झटके, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू वगैरे मिळून १२.७ टक्क्यांऐवजी ९.५ टक्के झाले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आणि कुणी खरं सांगितलंच, की मी ही घेत नाही, तर कृपा करून मुलीकडे वळून "बघा, हे असं करतात" म्हणू नका. आम्ही मुली त्या वाक्याची वाटच बघत असतो. मी पाहिली आहे.

परवा गुरुवारी सकाळी डब्यातला कप्पा भरलेला दिसला. अर्धी पांढरी गोळी तशीच. जुनी सवय, तोंडाशी वाक्य आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "आज कुठे निघालात?"

"चष्मा टाकलाय दुरुस्तीला, तो आणायचाय," बाबा चप्पल शोधत म्हणाले. "दोनपर्यंत येतो. मग घेतो."

सव्वादोनला आले. घेतली.

आपली,
एका ८१ वर्षांच्या पेशंटची मुलगी